मॅलकी लिलिसची नाली

मॅलकी लिलिस पोकलेन चालवायचा आणि असा चालवायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा बाबा लोखंडाच्या हातानं दुधावरची साय काढतोय. आयर्लंडमधल्या पश्चिम क्लेअरमध्ये पोकलेनवाल्यांना तोटा नाही. दर तिसऱ्या घराच्या मागं एक यंत्र गंजत उभं असतं. पण चर्चचं पडकं, मठाची भिंत, एखादी जुनी गढी, अशा जागी खणायचं निघालं की फोन मॅलकीलाच यायचा. खणता सगळ्यांनाच येतं, मॅलकीला थांबता यायचं. समोर उभ्या असलेल्या पुरातत्त्वाच्या माणसानं हात वर केला, की त्याचं बकेट हवेत जिथल्या तिथं गोठायचं. एक इंचसुद्धा पुढं जायचं नाही.

हे काही त्याच्या जन्मापासूनचं नव्हे. लंडनला सहा वर्षं माती उपसून तो परत आला तेव्हा त्याला फक्त वेग ठाऊक होता. पुढं एकदा एनिसच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं. तिथल्या पुरातत्त्ववाल्या दाढीधारी माणसानं दिवसात चौथ्यांदा हात वर केला, तसा मॅलकी खिडकीतून ओरडला, "आता काय झालं?"

"काळा डाग आहे."

"मग धुवायला टाकतोस का?"

दाढीवाला हसला नाही. त्यानं मॅलकीला खाली उतरवलं, हातात छोटी थापी दिली आणि म्हणाला, "खरवड." मॅलकीनं खरवडलं. ताटलीएवढा काळा गोल निघाला. हातभर अंतरावर दुसरा, मग तिसरा, आणि ते गोल हळूहळू वळत गेले. चहाच्या वेळेपर्यंत चिखलात एक आख्खं गोल घर उमटलं होतं. खांब केव्हाच कुजून गेलेले, खड्डे तेवढे मागं राहिलेले.

घरी जाऊन तो बायकोला, कन्सेप्टाला, म्हणाला, "आज एक घर बघितलं. भिंत नाही, छप्पर नाही, पण घर."

"आपलंही तसंच होणार आहे," ती म्हणाली, "छपराच्या पाट्या कधी बसवतोस?"

तेव्हापासून तो मातीचे रंग बघायला शिकला. पुढं पुढं तर समोरच्या माणसाचा हात वर जायच्या आधीच त्याचं बकेट थांबायचं. एखाद्या नव्या मुलीला तो वरूनच सांगायचा, "तुझ्या डाव्या बुटाखाली बघ, बाई." आणि तिथं काहीतरी असायचं. इटा हॅलिनननं तर पंधरा वर्षांत दुसऱ्या कुणाला बोलावलंच नाही. इटा म्हणजे पुरातत्त्वातली जुनी जाणती बाई, लिमरिकची, पंचेचाळीशीची, आवाज घोगरा, खिशात कायम दोरीचा गुंडा. ती म्हणायची, "मॅलकी, तू आणि मी मिळून एक शहाणा माणूस होतो."

"मग वेड्याचा वाटा कुणाचा?" तो विचारायचा.

नावाबरोबर थोडा शिष्टपणा येतोच. बॅटी ग्रिफिननं आपल्या रानातला हजार वर्षांचा मातीचा गोल कोट एका शनिवारी सपाट करून टाकला. तेव्हा मॅलकीनं त्याला गुरांच्या बाजारात, लिलावाच्या कठड्यापाशी, शंभर माणसांदेखत झापलं होतं. "मी तीस वर्षं यंत्र चालवतोय," तो म्हणाला, "पण जुन्या जागेला पुरातत्त्वाचं कुणी समोर उभं असल्याशिवाय हात लावला नाही." बॅटी लाल झाला आणि निघून गेला. मॅलकी घरी शीळ घालत आला.

आता हेहिरांच्या गढीचं. चार मजली चौकोनी बुरूज, वरचा एक मजला पडलेला, आयव्हीनं झाकलेला, आत कावळ्यांची वस्ती. गुरं त्याच्या सावलीला बसतात. पॅकी हेहिरनं गढीच्या खालच्या अंगाला गुरांचा नवा गोठा बांधला आणि त्याला पाण्याचा पाइप हवा होता. पाइप गढीच्या रानातून आडवा जाणार, म्हणून परवानगीच्या कागदावर अट पडली, की खणताना पुरातत्त्वाचं माणूस हजर पाहिजे. इटा आली, आणि तिच्यामागं मॅलकी आपलं यंत्र ट्रेलरवर घालून आला.

पॅकी फाटकाला टेकून उभा होता. "पाइप दोन इंचाचा आहे," तो म्हणाला. "त्याच्यासाठी दोन माणसं, एक पोकलेन आणि डब्लिनचा शिक्का. माझ्या लग्नाला एवढी तयारी नव्हती."

"लग्नाला कुणी नजर ठेवायला हवं होतं," इटा म्हणाली.

बिनदाताचं रुंद बकेट लावून मॅलकीनं सुरुवात केली. गवताची गादी काढून एका बाजूला, काळी माती दुसऱ्या बाजूला, आणि मग चार-चार बोटांचे थर. इटा चराच्या पुढं उलटी चालत होती, डोळे जमिनीला लावून. पहिल्या दिवशी गुरांची हाडं निघाली, तुटका नांगर निघाला, चिनी मातीच्या कपाचा कान निघाला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बकेटखाली दगडाचा आवाज आला. मॅलकी थांबला. इटानं हात वर केला तो नुसता सवयीनं.

ती गुडघ्यावर बसली आणि थापीनं माती काढू लागली. एक सपाट फरशी, तिला चिकटून दुसरी, मग तिसरी. फरश्या सरळ गढीकडं निघाल्या होत्या.

मॅलकी वर, काचेच्या आत बसून होता. त्यानं यंत्र बंद केलं. तिसरी फरशी उघडी पडायच्या आधीच त्याला ओळख पटली होती. ती नाली त्याचीच होती.

ते वर्ष एकोणऐंशीचं. पॅकीचा बाप सोनी हेहिर तेव्हा हयात होता आणि गढीखालच्या ओलीनं त्याच्या गाईंचे खूर सडत होते. त्यानं मॅलकीच्या बापाला, जेम्सीला, बोलावलं. जेम्सी म्हणजे पंचक्रोशीतला नाल्या बांधणारा. गढीजवळ खणायला तेव्हाही मनाई होती आणि तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. जेम्सीची कंबर धरली, म्हणून तो पालथ्या बादलीवर बसून नुसता हुकूम सोडायचा, आणि बावीस वर्षांच्या मॅलकीनं सबंध नाली एकट्यानं हातानं बांधली. दोन्ही अंगांना उभे दगड, वर फरशी, फटींत चिपा, चुना नाही की सिमेंट नाही. एकट्यानं बांधलेली ती त्याची पहिली. जेम्सीला हे त्याच्या बापानं शिकवलं होतं, त्याला त्याच्या बापानं, आणि त्या भागात नाली बांधायची दुसरी तऱ्हा कुणाला माहीतच नव्हती. पुढं प्लास्टिकचे पाइप आले आणि ती विद्या संपली.

नाली इथं निघेल असं मात्र मॅलकीला वाटलं नव्हतं. त्याच्या आठवणीत ती कुंपणापासून चाळीस पावलांवर होती. पण पॅकीनं मधल्या काळात ते कुंपणच उपटून पुढं सरकवलं होतं, त्यामुळं त्याची चाळीस पावलं भलतीकडूनच मोजली गेली.

इटानं एक फरशी अलगद उचलली आणि आत टॉर्च मारला. खालच्या गाळात तिला हिरवट झिलई असलेला खापराचा तुकडा मिळाला. तिनं तो तळहातावर धरून उलटसुलट बघितला.

"पंधरावं शतक," ती म्हणाली. "सोळावं म्हण फार तर. मॅलकी, खाली ये. गढीच्या संडासाचा नळ भिंतीतून उतरतो ना, ही त्याचीच नाली असणार. हे बघ. उतार बघ. एका दगडाला छिन्नी लावलेली नाही, तरी पातं जायचं नाही कुठं. ज्यानं कुणी हे केलं त्याला पाणी कळत होतं."

मॅलकी खाली आला. टोपी हातात घेऊन त्यानं आपल्याच नालीकडं पाहिलं. "बरी आहे," तो म्हणाला.

"बरी? अरे, मी वीस वर्षांत अशी बघितली नाही."

पॅकी फाटकावरून आला. "म्हणजे काय झालं आता?"

"म्हणजे काम थांबलं," इटा म्हणाली. "मी डब्लिनला कळवते. गुरुवारी वरचे साहेब येतील. पाइप दुसरीकडून न्यावा लागेल, नवा नकाशा, नवी परवानगी."

"किती दिवस?"

"वसंतापर्यंत होईल."

"गाईंना सांगतो," पॅकी म्हणाला. "म्हणतो, पोरींनो, कुणा सरदारानं पाचशे वर्षांपूर्वी परसाकडं जायची सोय केली होती, म्हणून तुम्ही हा हिवाळा बाहेर काढा."

मॅलकीनं टोपी परत डोक्यावर घातली. खापराचा तुकडा कसा आला तेही त्याला समजत होतं. गढीच्या बुडाची माती त्यानंच परत भरली होती आणि त्या मातीत असल्या खापरांचा खच होता.

संध्याकाळी सहाला तो जेवायला बसला. उकडलेला बटाटा, बेकन, कोबी. कन्सेप्टानं दोनदा विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

ती थोडा वेळ चघळत राहिली. "तुझं काम कुणी चांगलं म्हटलेलं मी आजच ऐकतेय," ती म्हणाली. "तेही पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मिळालं."

"चेष्टा नको करूस."

"मग सांगून टाक तिला."

"सांगून काय होईल माहितेय? गढीत चोरून खणलेला माणूस मी. बॅटी ग्रिफिनला बाजारात उभा चिरला तो मी. इटा मला का बोलावते? मी कधी असलं केलं नाही म्हणून. सगळे त्याचसाठी बोलावतात. यंत्र काय, कुणीही चालवतं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर ती नाली पुस्तकात जाईल. सरकार तिला कायमचं जपेल. माझ्या नातवांना शाळेची सहल घेऊन दाखवायला आणतील."

"सहल तर होईल," कन्सेप्टा म्हणाली. "पण ती बाई खोटं लिहील आणि तुझ्यामुळं लिहील. पुढं तू तिच्यासमोर बकेट कसं थांबवणार आहेस ते बघ." एवढं बोलून तिनं त्याच्या ताटातला उरलेला बटाटा उचलला. तो खाणार नाही हे तिला दिसत होतं.

बुधवारी सकाळी आठला इटा आपल्या गाडीच्या मागच्या दारात बसून थर्मासमधला चहा पीत होती. बारीक भुरभुर चालू होती. तिनं नालीचे फोटो काढले होते, आराखडा काढला होता, दोरी ताणून ठेवली होती. मॅलकी तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ती नाली मी बांधलीय," तो म्हणाला. "एकोणऐंशी साली. सोनी हेहिरसाठी."

इटानं चहा खाली ठेवला. त्याच्याकडं बघितलं, मग फाटकाकडं बघितलं. फाटकावर पॅकी होताच.

"पॅकीनं काय कबूल केलं तुला?" ती म्हणाली.

"काय?"

"मॅलकी, मला त्याच्या गाईंची काळजी आहे. खरंच आहे. पण असं नको करूस. तू तरी नको."

तो रात्रभर तळमळून खरं बोलायला आला, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती त्याला खोटारडा समजली. पॅकीनंही ऐकलं होतं, आणि आशेनं भरलेलं ते तोंड बघून तर कुणालाही वाटलं असतं, की दोघांचं आधीच ठरलंय.

"मी काहीच सांगितलं नाही त्याला," पॅकी म्हणाला. "पण ऐक त्याचं. लिलिस घराणं खोटं बोलत नाही."

"तू गप्प बस," मॅलकी म्हणाला. "तू तेव्हा सहा वर्षांचा होतास आणि मेंढरासारखा बें बें करत होतास." मग तो इटाकडं वळला. "वरच्या बाजूला अजून तू उघडलं नाहीस. बरोबर?"

"नाही."

"सात फूट वर जा. तिथं नाली डावीकडं वळते. वळणावर सपाट दगड संपले होते, म्हणून मी एक जात्याचा तुकडा उभा लावलाय, अर्धा, मधे भोक असलेला. वळण झालं की तळाला फरशी नाही, नुसती चिकणमाती. बापानं सांगितलं, चिकणमाती आहे, फरशी वाया कशाला घालवतोस. जा, थापीनं बघ. यंत्र मी लावत नाही."

इटा थापी घेऊन गेली. तिला दोन तास लागले. पॅकीनं मधे चहा आणला, तोही तिनं घेतला नाही. सव्वादहाच्या सुमाराला तिनं नालीचं वळण उघडं केलं. ते डावीकडंच होतं. अर्ध्या तासानं अर्धं जातं निघालं, उभं, मधे भोक असलेलं. तिनं आत हात घातला आणि बोटांना चिकणमाती लागून आली.

चिखलातच ती मागं टेकून बसली.

"मी काल माझ्या गुरूला फोन केला होता," ती म्हणाली. "निवृत्त झालेत, त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना म्हटलं, गुरुवारी या."

"मग येऊ दे."

"त्यांना काय दाखवू? तुला?"

तिनं थापी पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिली. "तू मला म्हणाला होतास, कधी हात लावला नाही म्हणून. एकदा नाही, दहादा म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"का?"

"म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं होतं," तो म्हणाला. "यंत्रानं नाही लावला, हे खरंच आहे. हातानं लावला तो मी मोजत नव्हतो."

हे कारण तिला पटलं नसावं. पण ती उठली आणि पुन्हा कामाला लागली. गढीच्या भिंतीपासून पंधरा फुटांवर तिला दगड बदललेले दिसले. आतून चुना लागलेला, तळाला घडवलेली फरशी. तिनं हात वर केला. समोर यंत्र नव्हतंच, तरी केला.

"हे?"

मॅलकी आला आणि पालथा झोपून आत डोकावला. बराच वेळ त्यानं पाहिलं. "हे माझं नाही," तो म्हणाला. "आता आठवतं. खणताना एक जुनं तोंड लागलं होतं, त्यातून पाणी झिरपत होतं. बाप म्हणाला, पाणी जिथनं येतंय तिथं जोड. मी जोडलं. हा इथं, ह्या लाल दगडापाशी. इकडचं त्यांचं, तिकडचं माझं."

इटानं त्याच्या बोटाशी एक खूण खोचली. त्या खुणेपासून दोघं खाली चालत आले, आणि प्रत्येक दगडापाशी तिनं विचारलं, त्यानं सांगितलं. माझा, माझा, हा वाहून आलेला असेल, माझा. तिनं सगळं वहीत उतरवलं.

"नाव घालावं लागेल," ती म्हणाली.

"घाल."

"वरून पत्र येईल."

"माझा पत्ता तुझ्याकडं आहे."

गुरुवारी साहेब आले, म्हातारे गुरूही काठी टेकत आले. साहेबांनी लाल दगडापाशी फोटो काढले आणि वरचं पंधरा फूट जपायचं ठरवलं. खालची नाली पाइपच्या वाटेत होती. ती चाळीस वर्षांची, म्हणजे कायद्याच्या लेखी काहीच नाही. तोडायला हरकत नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. म्हातारे गुरू मात्र तिच्याकडं बघत उभे राहिले आणि मॅलकीला म्हणाले, "मी फसलो असतो हं."

"तुम्ही नसता फसला," मॅलकी म्हणाला.

"फसलो असतो," म्हातारबाबा म्हणाले. ते खूश दिसत होते.

शुक्रवारी मॅलकीनं आपली नाली तोडली. नियमाप्रमाणं इटा समोर उभी होती. त्यानं बिनदाताचं बकेट लावलं, एकेक फरशी अलगद उचलून बाजूला मांडली, चार फुटांचं खिंडार पाडलं, पाइप घातला. पॅकी म्हणाला, "झालं, आता बुजव." पण मॅलकी यंत्र बंद करून खाली उतरला. बुजवलं तर पाणी तुंबेल आणि पुन्हा खूर सडतील, असं म्हणून त्यानं पाइपच्या वर तेवढी चार फूट नाली परत बांधली, हातानं, बासष्टाव्या वर्षी, गुडघ्याखाली पोतं घेऊन. दगड देऊ का, असं इटानं विचारलं. तो म्हणाला, दे, पण पातळ बाजू खाली. शेवटची फरशी ठेवायच्या आधी तिनं खिशातून त्या वर्षीचं दोन सेंटचं नाणं काढून आत टाकलं.

"हे कशाला?"

"पुढच्याला साल कळावं म्हणून."

"एवढंसंच नाणं?"

"तुझ्या कामाला तेवढं पुरे," ती म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं पहिलं हसणं ते.

पत्र नोव्हेंबरात आलं. दोन पानं, कलमांचे आकडे, आणि इतक्या वर्षांनी कारवाई करणार नाही, पण नोंद केली आहे, असं शेवटी. कन्सेप्टानं ते चष्मा लावून मोठ्यानं वाचलं आणि बिलांच्या मागं खोचून ठेवलं. बातमी पत्राच्या आधीच गावभर झाली होती. रविवारी चर्चच्या फाटकाशी पुरुष टेकून उभे असतात, तिथं बॅटी ग्रिफिननं त्याला गाठलं. सहा महिने वाट पाहिल्यासारखा तो सावकाश आला.

"मॅलकी, मला एक गढी हवी होती," तो म्हणाला. "पाचशे वर्षांची. घाई नाही, नाताळपर्यंत दे."

सगळे हसले. मॅलकी थांबला. "बाजारात मी जास्त बोललो होतो," तो म्हणाला.

"बोलला होतास."

"कोट पाडायला नको होता, हे मात्र अजून म्हणतो."

"म्हण," बॅटी म्हणाला. "पण हळू म्हण." आणि त्यानं सिगारेट पुढं केली. मॅलकी ओढत नसे, तरी त्यानं ती घेऊन कानावर ठेवली.

त्या हिवाळ्यात फोन कमी आले. एका कंपनीनं दुसऱ्या माणसाला घेतलं. मॅलकीनं शेतांच्या वाटा केल्या, घरांचे पाये काढले. तिथं कुणी हात वर करत नव्हतं, कुणी समोर उभं नव्हतं. तो सवयीनं थर-थर काढायचा आणि मालक वैतागून घड्याळ बघायचे.

फेब्रुवारीत इटाचा फोन आला. किल्मर्व्हीच्या दफनभूमीची भिंत दुरुस्त करायची होती, बाहेरच्या बाजूनं चर काढायचा होता.

"येशील का ते नंतर," ती म्हणाली. "आधी सांग. तिथं तू कधी खणलंयस?"

फोन कानाला लावून मॅलकी खिडकीशी गेला. कन्सेप्टानं मान वर करून पाहिलं.

"पूर्वेच्या अंगाला एक खांब पुरलाय," तो म्हणाला. "फाटकाचा. सत्त्याऐंशी साली."

"किती खोल?"

"दोन फूट. अडीच असेल. अडीच लिही."

"आणखी?"

"थांब, आठवू दे."

ती थांबली. पलीकडं पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"आणखी काही नाही," तो म्हणाला.

"सोमवारी आठला," इटा म्हणाली. "बिनदाताचं आण."